ताऱ्यांच्या जन्मढगांत फॉस्फरसचे रेणू: दिसतात किती, लपलेत किती, आणि कुठं

प्रश्न असा आहे की तारे जिथं जन्मतात त्या ढगांमध्ये फॉस्फरसचे रेणू सापडले अशा बातम्या अधूनमधून येतात, तर ते नेमके कोणते रेणू, तिथं ते तयार कसे होतात, आणि आपल्या हाडांतला नि डीएनएतला फॉस्फरस खरंच त्या ढगांतून आलाय का. मी मिलिमीटर लहरींच्या रेडिओ स्पेक्ट्रमवर काम करते. प्रत्येक रेणू ठरावीक वारंवारतांवरच लहरी सोडतो, स्पेक्ट्रममधल्या त्या खुणांना आम्ही लाइन्स म्हणतो. बरीच वर्षं याच लाइन्स बघण्यात गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. तारे जन्मणाऱ्या ढगांत वायुरूपात पक्के सापडलेले रेणू मुख्यतः दोनच आहेत, पीएन म्हणजे फॉस्फरस नायट्राइड आणि पीओ म्हणजे फॉस्फरस मोनॉक्साइड. दोन्ही दोन-दोन अणूंचे, अगदी साधे. आणि हे दोन्ही मिळून त्या ढगातल्या एकूण फॉस्फरसचा फार छोटा हिस्सा आहेत, बाकीचा सगळा धुळीच्या कणांत किंवा त्यांच्यावरच्या बर्फात अडकलेला आहे. माझं म्हणणं काय ते इथंच सांगून टाकते: पीएन आणि पीओ आपल्याला फॉस्फरस कुठं आहे ते सांगत नाहीत, धूळ कुठं फुटतीये ते सांगतात. बातम्यांमध्ये नेमका हाच फरक गळून पडतो.

आता आकडे. सूर्याच्या रचनेवरून बघितलं तर दर ३९ लाख हायड्रोजन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू पडतो. त्या एका अणूमागे ऑक्सिजनचे जवळपास १९००, कार्बनचे हजाराच्या आसपास, नायट्रोजनचे २६० आणि गंधकाचे पन्नास. म्हणजे जीवसृष्टीला लागणाऱ्या मुख्य मूलद्रव्यांत हा सगळ्यात दुर्मिळ, आणि शरीरात मात्र मोठ्या माणसाच्या वजनाचा साधारण एक टक्का हाच असतो, त्यातला बहुतेक हाडं आणि दातांत. तयार होतो तो मुख्यतः जड ताऱ्यांच्या पोटात, कार्बन आणि निऑन जळणाऱ्या थरांमध्ये सिलिकॉनच्या केंद्रकानं न्यूट्रॉन पकडला की पुढं किरणोत्सर्गी ऱ्हास होऊन फॉस्फरस-३१ बनतो, आणि निसर्गात टिकणारा त्याचा तेवढाच एक आयसोटोप आहे. मग तारा फुटला की तो बाहेर पडतो. कॅसिओपिया ए या सुपरनोव्हाच्या अवशेषात २०१३ साली फॉस्फरस थेट मोजला गेला, तिथं लोहाच्या तुलनेत त्याचं प्रमाण आकाशगंगेच्या सरासरीच्या शंभरपटीपर्यंत निघालं. तेव्हा कारखाना कुठंय याबद्दल फारशी शंका नाही, प्रश्न पुढच्या प्रवासाचा आहे.

त्या प्रवासाचा पहिला टप्पा सोपाय. ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूत फॉस्फरस आयनरूपात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रूपात असतो, कारण त्याचा इलेक्ट्रॉन काढायला १०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच लागतात आणि तेवढ्या ऊर्जेचे अतिनील फोटॉन तिथं हायड्रोजनला चुकवून भरपूर फिरत असतात. या आयनच्या अतिनील रेषा १९७०च्या दशकात कोपर्निकस उपग्रहानं पकडल्या, आणि त्यावरून कळलं की विरळ ढगांत तरी फॉस्फरस बऱ्यापैकी वायूतच आहे, लोह किंवा सिलिकॉनसारखा धुळीत गडप झालेला नाहीये. पण तोच वायू आकुंचन पावून दाट, काळा, दहा केल्विनचा (उणे २६३ अंश सेल्सिअसचा) ढग झाला की फॉस्फरस जवळजवळ गायबच होतो. कोड्याची सुरुवात इथून.

१९८७ साली पीएन सापडला. बॅरी टर्नर आणि जॉन बॅली यांनी एकीकडं आणि लूसी झ्युरिस यांनी दुसरीकडं, दोघांनी त्याच वर्षी जाहीर केलं, मृग नक्षत्रातल्या ओरायन केएल या भागात आणि अजून दोन मोठ्या तारकाजन्म प्रदेशांत. तेव्हा वाटलं असणार की आता पीओही लगेच मिळेल, कारण ढगात नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन जास्त आहे. पण तसं झालं नाही. पीओ पहिल्यांदा दिसला तो २००७ मध्ये, आणि तोही ढगात नाही तर व्हीवाय कॅनिस मेजोरिस या म्हाताऱ्या महाकाय ताऱ्याभोवतीच्या कवचात. मधल्या काळात सिंह राशीतल्या आयआरसी +१०२१६ या कार्बन ताऱ्याभोवती सीपी, एचसीपी, फॉस्फीन (एक फॉस्फरस, तीन हायड्रोजन) अशी बरीच मंडळी सापडत गेली, पण ते मरणाऱ्या ताऱ्याचं रसायनशास्त्र, तिथलं तापमान नि घनता वेगळी, ते उचलून जन्मढगांना लावता येत नाही. बरेच लेख ही दोन्ही ठिकाणं एकत्र करून यादी देतात, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटतं ढगात सात-आठ फॉस्फरसचे रेणू आहेत. जन्मढगांत पीओ सापडायला २०१६ उजाडलं, व्हिक्टर रिविया आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या पिको वेलेता इथल्या ३० मीटरच्या आयराम दुर्बिणीनं डब्ल्यू५१ आणि डब्ल्यू३(ओएच) या दोन ठिकाणी तो दाखवला, आणि त्याच वर्षी बर्ट्रांड लेफ्लॉक यांच्या गटानं एल११५७-बी१ मध्ये, जिथं सूर्यासारख्या एका नवजात ताऱ्याचा झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतोय.

एवढा उशीर का लागला हे समजून घ्यायचं तर लाइन कशी दिसते ते बघायला हवं, आणि माझ्या मते इथंच या विषयाची खरी गंमत आहे. पीएनची रचना साधी, एक सरळ दांडी फिरतेय असं समजा, त्यामुळं त्याच्या लाइन्स साधारण ४७, ९४, १४१ गिगाहर्ट्झ अशा एकसारख्या अंतरानं येतात, फिरण्याच्या प्रत्येक पायरीची एक, आणि प्रत्येक पायरीवरची सगळी ताकद एकाच लाइनमध्ये गोळा होते. पीओ मात्र रॅडिकल आहे, त्यात जोडी न लागलेला एक इलेक्ट्रॉन असतो. त्यामुळं प्रत्येक पायरी आधी दोनात फुटते, मग फॉस्फरसच्या केंद्रकाच्या स्पिनमुळं परत दोनात. जिथं पीएनची एक लाइन आली असती तिथं पीओच्या चार येतात, १०८.९९८, १०९.०४५, १०९.२०६ आणि १०९.२८१ गिगाहर्ट्झ. वर पीओचा द्विध्रुव आघूर्णही, म्हणजे रेणूच्या दोन टोकांत विद्युतभार किती विभागलाय त्याचं मापही, पीएनपेक्षा कमी, आणि रेणूच्या लाइनची ताकद त्याच्या वर्गावर ठरते. म्हणजे ढगात पीओ दुप्पट असला तरी त्याची एकेक लाइन पीएनपेक्षा बारीकच दिसणार, आणि जुन्या रिसीव्हरवर ती नॉइजमध्ये बुडून जायची.

पुढं अजून अडचण आहे. या चौकडीच्या मधोमध १०९.१७४ वर सायनोॲसिटिलीनची आणि १०९.२५२ वर सल्फर मोनॉक्साइडची अशा दोन दणदणीत लाइन्स बसलेल्या आहेत. तारकाजन्म प्रदेशात या दोघी हमखास असतात, आणि झोतामुळं त्यांचे पंख, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार, रुंद झाले की शेजारची पीओची लाइन त्या उतारावर बसलेल्या छोट्या टेकाडासारखी दिसते. बेसलाइन, म्हणजे लाइन नसतानाची शून्य पातळी, कुठून काढायची यावर सगळं अवलंबून. म्हणून चारपैकी एकच लाइन दिसली तर मी ती मानत नाही. चारही हव्यात किंवा ज्या झाकल्या गेल्यात त्या का झाकल्या गेल्या याचा हिशेब हवा, चौघींचा वेग सारखा हवा, आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या प्रमाणात त्यांची उंची जुळायला हवी. शुक्रावरच्या फॉस्फीनचा २०२० सालचा वाद आठवत असेल, तिथं सगळा डोलारा २६६.९४ गिगाहर्ट्झच्या एकाच लाइनवर उभा होता, अगदी शेजारी सल्फर डायऑक्साइडची लाइन, आणि चिलीतल्या आल्मा या अनेक डिशच्या दुर्बिणीचं कॅलिब्रेशन परत केल्यावर आधी सांगितलेलं प्रमाण बरंच खाली आलं. तो विषय वेगळा, ग्रहाचं वातावरण वेगळं, पण एका लाइनवर रेणूचा दावा करणं किती नाजूक असतं हे त्यावरून कळतं. ढगांतल्या पीएन आणि पीओचं तसं नाही, त्यांच्या अनेक लाइन्स अनेक दुर्बिणींनी अनेक ठिकाणी बघितल्यात, तिथं शंकेला जागा नाही.

आता मघाशी म्हटलं की दिसतो तो फार छोटा हिस्सा, ते आकड्यांत बघू. ढगात हायड्रोजन रेणूरूपात असतो, म्हणून एक अब्ज हायड्रोजन रेणू घ्या. सूर्यासारखं प्रमाण धरलं तर त्यांच्यामागे फॉस्फरसचे सुमारे ५२० अणू असायला हवेत. एल११५७-बी१ मध्ये मोजले तर पीएनचा साधारण एक आणि पीओचे दोन-तीन. म्हणजे ५२० पैकी तीन-चार, आणि ही फॉस्फरससाठी चांगली समजली जाणारी जागा आहे बरं का. बऱ्याच ठिकाणी यापेक्षा दहापट कमी मिळतं आणि शांत थंड ढगांत तर बहुतेक वेळा नुसती अपर लिमिटच, म्हणजे याहून जास्त नाही एवढंच, हातात येते. कणगीच्या तोंडाशी सांडलेले चार दाणे बघून आत किती धान्य आहे ते सांगायचं, असं हे काम आहे.

मग आत काय चाललंय? थंड ढगात कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचं रसायन हायड्रोजनच्या मदतीनं पटापट पुढं सरकतं, पण फॉस्फरसचं घोडं पहिल्याच पावलावर अडतं. फॉस्फरसचा अणू असो की आयन, हायड्रोजन रेणूशी त्याची अभिक्रिया व्हायला बाहेरून ऊर्जा लागते आणि दहा केल्विनला ती कुठून आणणार. त्यामुळं वायूत पीएच, पीएच२ अशी साखळी सुरूच होत नाही. तोवर तो अणू फिरत फिरत एखाद्या धूलिकणाला जाऊन चिकटतो, आणि कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू इकडून तिकडं सरकत असतात, ते त्याला एकेक करून जोडले जातात आणि शेवटी फॉस्फीन बनतं, निदान आमच्या मॉडेल्समध्ये तरी असंच होतं. नायट्रोजनपासून अमोनिया बनतो तसंच. त्यावर मग पाण्याचा, कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ साचत जातो आणि सगळं बंदिस्त होतं.

ते उघडायला धक्का लागतो. नवजात तारा दोन बाजूंनी झोत सोडतो, तो सेकंदाला काही दहा किलोमीटर वेगानं वायूवर आदळतो, कण एकमेकांवर आणि वायूवर आपटतात, वरचा बर्फ उडतो, जोर जास्त असेल तर कणाचा गाभाही खरवडला जातो. सिलिकॉन मोनॉक्साइड हा अशा धक्क्याचा जुना ओळखीचा शिक्का, कारण सिलिकॉन गाभ्यातूनच येऊ शकतो. आणि सर्वेक्षणांमध्ये वारंवार दिसलंय की जिथं पीएन तिथं सिलिकॉन मोनॉक्साइड, दोघांच्या लाइन्सचे आकारही खूपदा जुळतात. माझ्यासाठी या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे.

बाहेर पडलेलं फॉस्फीन तसंच राहत नाही. धक्क्यातल्या गरम वायूत हायड्रोजनचे अणू त्याचे हायड्रोजन एकेक करून ओढून नेतात, अतिनील प्रकाश असेल तर तोही तोडतो, आणि पुन्हा सुटा फॉस्फरस उरतो. त्याला हायड्रॉक्सिल किंवा ऑक्सिजन रेणू भेटला की पीओ बनतो. मग त्या पीओला नायट्रोजनचा सुटा अणू भेटला की दोन गोष्टी होऊ शकतात, ऑक्सिजन सुटून पीएन बनतो, किंवा फॉस्फरस परत मोकळा होऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो. म्हणजे पीओचा बराचसा शेवट नायट्रोजनच्या हातात आहे. तिथं सुटा नायट्रोजन किती, अतिनील प्रकाश किती, धक्का बसून किती वर्षं झाली, यावर पीओ आणि पीएनचं गुणोत्तर ठरतं. बहुतेक तारकाजन्म प्रदेशांत ते १ ते ३ च्या आसपास येतं. वेगवेगळ्या वस्तुमानाचे तारे, वेगवेगळी अंतरं, तरी आकडा एवढ्याच पट्ट्यात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. काही अभिक्रियांचे वेग आत्ता आत्ता नीट मोजले किंवा क्वांटम गणितानं काढले गेलेत, आधीची मॉडेल्स अंदाजावर चालायची, त्यामुळं दहा वर्षांपूर्वीचा पेपर वाचताना त्यातला गुणोत्तराचा भाग जपून घ्या.

इथपर्यंतचं चित्र एका डिशच्या दुर्बिणींवरून आलेलं, त्यांचा बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, एवढा रुंद की अख्खं तारकाकुल एका ठिपक्यात बसतं. आल्मानं ते फोडून दाखवलं. सारथी तारकासमूहात सुमारे ७००० प्रकाशवर्षांवर एएफजीएल ५१४२ नावाचा जड तारे जन्मणारा भाग आहे, तिथले नकाशे २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. ताऱ्याच्या अगदी जवळ, जिथं इतर मोठे रेणू गर्दी करतात, तिथं पीएन नि पीओचा जोर नव्हताच. ते दिसले झोतानं कोरलेल्या पोकळीच्या भिंतींवर, वेगवेगळ्या ठिपक्यांत, आणि ताऱ्यापासून जसजसं लांब जावं तसतसं पीएनच्या तुलनेत पीओ वाढत जातो. अर्थ असा लावला गेला की धक्क्यानं फॉस्फरस धुळीवरून सोडवला आणि ताऱ्याच्या अतिनील प्रकाशानं भिंतीवर पुढचं रसायन घडवलं. दोन्ही लागतात, नुसता धक्का पुरत नाही. लाइन्स अरुंद होत्या आणि वेग कमी, हेही लक्षात घ्या, म्हणजे आपण धक्का चालू असताना बघत नाही, तो बसून गेल्यानंतरचा निवलेला वायू बघतोय. मग ययाती तारकासमूहात हजारेक प्रकाशवर्षांवरचा बी१-ए, हा सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या रांगेतला, म्हणजे आपल्या स्वतःच्या इतिहासाशी जास्त जवळचा. जेनिफर बर्गनर आणि सहकाऱ्यांनी तिथं २०१९ मध्ये आधी रेणू पकडले आणि नंतर आल्मानं नकाशे काढले, तिथंही फॉस्फरस ताऱ्याच्या पोटाशी नाही, धक्का बसलेल्या छोट्या गाठींमध्ये.

आता एक अपवादासारखं वाटणारं ठिकाण. आकाशगंगेच्या केंद्राजवळ जी+०.६९३ नावाचा ढग आहे, त्यात तारे जन्मताना दिसत नाहीत, तरी पीएन आणि पीओ दोन्ही आहेत. पण तिथं ढगांच्या मोठ्या टकरीचे धक्के अख्ख्या ढगभर पसरलेत, म्हणजे तारा नसला तरी धूळ फोडणारं आहेच. २०२२ मध्ये तिथं पीओचा धन आयनही सापडला, आंतरतारकीय वायूतला असा पहिलाच, आणि तो तिथं टिकतो कारण केंद्राजवळ वैश्विक किरणांचा मारा प्रचंड आहे. मला हा शोध फार आवडतो, कारण पीओ, पीएन आणि हा आयन असे तीन आकडे एकाच ठिकाणी मिळाले की मॉडेलला पळवाट कमी राहते.

मग उरलेला बहुतांश फॉस्फरस घनरूपात कुठल्या रूपात आहे? इथं खरी लढाई चालू आहे. एक गट म्हणतो बर्फातलं फॉस्फीन, म्हणजे उडून जाणारं. दुसरा म्हणतो खनिजं, म्हणजे लोह-निकेल-फॉस्फरसचं श्रायबरसाइट किंवा फॉस्फेट, सहज न उडणारी. तुम्ही म्हणाल जेम्स वेब दुर्बीण बर्फ बघते, तिनंच सांगावं. पण फॉस्फीनच्या बंधाचं कंपन ४.३ मायक्रॉनला येतं आणि कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा दांडगा पट्टा ४.२७ मायक्रॉनला, त्या काळ्या दरीत फॉस्फीनचा बारीक खड्डा शोधायचा म्हणजे अवघडच. वायूत फॉस्फीन शोधलं तर एल११५७-बी१ मध्ये ते मिळालं नाही, फक्त मर्यादा मिळाली. माझं मत खनिजांकडं, किंवा निदान सहज न उडणाऱ्या रूपाकडं झुकतं. कारण साधं आहे, सगळा फॉस्फरस बर्फात फॉस्फीन म्हणून असता तर नवजात ताऱ्याजवळच्या गरम गाभ्यात, जिथं बर्फ आख्खा वाफ होऊन उडतो आणि मिथेनॉलसारखे रेणू ओसंडून वाहतात, तिथं फॉस्फरसचे रेणूही उसळायला हवे होते. नकाशे तसं दाखवत नाहीत. झोताच्या भिंती नि धक्क्याच्या गाठी दाखवतात.

आपल्या सूर्यमालेतले उरलेसुरले तुकडे काय सांगतात तेही बघा. ६७पी धूमकेतूभोवती रोझेटा यान २०१४ ते २०१६ फिरत होतं, त्यावरच्या रोझिना या मास स्पेक्ट्रोमीटरनं २०१६ च्या पेपरात ग्लायसीनसोबत फॉस्फरस नोंदवला, तेव्हा तो कुठल्या रेणूतून येतोय ते ठरत नव्हतं. मघाच्या एएफजीएल ५१४२ वाल्या पेपरमध्येच त्या डेटाची परत छाननी झाली आणि निघालं की वायूतला मुख्य वाहक पीओ आहे, पीएनच्या दहापटीहून जास्त. फॉस्फीन नव्हे. दुसरीकडं बेन्नू या लघुग्रहावरून नासाच्या यानानं २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात मॅग्नेशियम-सोडियम फॉस्फेट सापडलं, ऱ्यूगूच्या नमुन्यातही फॉस्फरसनं समृद्ध कण मिळाले, आणि लोही उल्कांमध्ये श्रायबरसाइट तर नेहमीचंच. शनीच्या एन्सेलाडस चंद्राच्या फवाऱ्यांतून आलेल्या बर्फकणांमध्ये सोडियम फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये कॅसिनी यानाच्या जुन्या डेटावरून दाखवलं गेलं. अर्थात फॉस्फेट बनायला या पिंडांच्या पोटातलं पाणी कारणीभूत असू शकतं, म्हणून ते सरळ ढगातून जसंच्या तसं आलं असं मी म्हणणार नाही.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, आपला फॉस्फरस तिकडून आला का. अणू म्हणाल तर हो, सूर्यमाला अशाच ढगातून बनली, दुसरीकडून यायला जागाच नाही. पण पीओचे रेणू धूमकेतूवर बसून आले आणि त्यांच्यापासून जीवन सुरू झालं, हे जे वाक्य फिरतं ते मला फार घाईचं वाटतं. पृथ्वीतला फॉस्फरस मुख्यतः खडकांबरोबर, म्हणजे धुळीतून आला. त्यातला मोठा वाटा लोहाबरोबर पृथ्वीच्या गाभ्यात बुडाला कारण फॉस्फरसला वितळलेल्या लोहाची ओढ आहे, आणि वर जो राहिला तो बराचसा ॲपेटाइटसारख्या पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या खनिजांत. सुरुवातीच्या रसायनाला अडचण प्रमाणाची कमी आणि विरघळण्याची जास्त होती. म्हणून श्रायबरसाइट महत्त्वाचं, ते पाण्यात गंजलं की फॉस्फरसची जास्त क्रियाशील रूपं बाहेर पडतात, हे प्रयोगात दिसलंय. धूमकेतूतला पीओ पाण्याशी आल्यावर उपयोगाचा ठरू शकतो, त्याला मी नाकारत नाही, पण त्याला मुख्य पुरवठादार म्हणण्याइतका हिशेब अजून कुणी मांडलेला मला पटलेला नाही.

शेवटी एक शोध सांगते ज्यानं कारखान्याबद्दल मी वर जे ठामपणे लिहिलं त्यालाही थोडा हादरा दिलाय. २०२३ मध्ये झ्युरिस यांच्या ॲरिझोनातल्या गटानं डब्ल्यूबी८९-६२१ नावाच्या ढगात पीओ आणि पीएन दोन्ही दाखवले. हा ढग आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे ७४००० प्रकाशवर्षांवर आहे, आपण २६-२७ हजारांवर आहोत, म्हणजे अगदी काठावर. तिथं जड तारे नि सुपरनोव्हा फार कमी, जड मूलद्रव्यंही कमी, तरी प्रमाण आपल्या आसपासच्या ढगांच्या तोडीचं. त्यांनी सुचवलं की कमी वस्तुमानाचे तारेही न्यूट्रॉन पकडीतून फॉस्फरस पुरवत असावेत. एका ढगावरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण काठावरचे अजून दहा-वीस ढग बघायला हवेत हे नक्की, आणि वेळ मिळाला तर मी स्वतः पीएनची ९४ गिगाहर्ट्झची लाइन आणि सिलिकॉन मोनॉक्साइड एकत्र घेऊनच ते बघेन, म्हणजे धक्का नसल्यामुळं फॉस्फरस दिसला नाही की मुळातच नव्हता ते वेगळं काढता येईल.

नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हे करता येईल का असं विद्यार्थी बरेचदा विचारतात. नाही येणार, जीएमआरटीची वरची मर्यादा साधारण १.४५ गिगाहर्ट्झ आणि पीएनची सगळ्यात खालची लाइनच ४७ ला. पण त्यावाचून अडत नाही. आल्माचा डेटा साधारण वर्षभरानं सगळ्यांना खुला होतो, घरबसल्या उतरवता येतो, कासा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि लाइन्सच्या अचूक वारंवारता कोलोन विद्यापीठाच्या सीडीएमएस यादीत मिळतात. सल्फर मोनॉक्साइड किंवा सायनोॲसिटिलीनसाठी कुणीतरी १०९ गिगाहर्ट्झची खिडकी उघडलेली असते आणि त्यात पीओची चौकडी न बघता पडून राहिलेली असू शकते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही, फक्त आधी त्या दोन दणदणीत लाइन्सचे पंख नीट फिट करा, बेसलाइन त्यानंतर काढा, आणि चारही जागा बघितल्याशिवाय कुणाला मेल पाठवू नका.